कवडसे मोजणारा

"अहो, उलटी धरू नका तिला! वारा लागेल!"

टेम्पोच्या फाळक्यावर उभं राहून टिपणीससाहेब ओरडले, आणि खाली खिडकी धरलेले चार गडी होते तिथंच थबकले. बांधावरून रोपांच्या मुठी घेऊन निघालेल्या बायकाही उभ्या राहिल्या. आमच्या शेजारच्या लीलाकाकीनं तोंडाला पदर लावला, पण आवाज पदराबाहेरच ठेवला.

"खिरकीला वारा लागंल म्हनं! मंग गोधरी आना गो कोनी. आनि जायफल उगाला."

बायका फुटल्या. गडी खिडकीसकट हलायला लागले. सगळ्यांत मोठ्यानं मी हसले. सव्वीस वर्षांची होते, खारेपाटातल्या त्या गावात दहावी पास झालेली एकटी सून होते, आणि शहरातल्या शिकलेल्या माणसाला तोंडावर हसायला मिळणं म्हणजे सणच.

हेरंब टिपणीस हे त्यांचं नाव. गणपतीचंच नाव, म्हणून गणपतीच्या कारखान्यात पाठवले असतील, असं आम्ही म्हणायचो. पुण्याच्या कुठल्याशा संस्थेचे. घरं बांधायचं शिकलेला माणूस, पण घर सोडून नुसती खिडकीच धरून बसलेला. संस्था म्हणे पेणच्या आसपासच्या चाळीस कारखान्यांना सुधारून देणार होती, आणि पहिली सुधारणा आमच्या शेडीवर कोसळली होती. माझा नवरा भालचंद्र 'फुकट' एवढा एकच शब्द ऐकून हो म्हणाला होता.

ज्येष्ठ सरता सरता हे साहेब आठ दिवस येऊन गेले होते. शेडीच्या दारात उदबत्ती लावून बसायचे. आम्हाला वाटलं, भाविक दिसतोय. मग कळलं, धूर कुठं जातो ते बघतायत. धूर दारातून आत आला, बल्बखाली घुटमळला आणि मागच्या भिंतीपाशी जाऊन मेला, हे त्यांनी वहीत लिहून घेतलं. परातीत पाणी घालून ती जमिनीवर ठेवायचे आणि वर पत्र्याकडे बघत बसायचे. आणि दर अर्ध्या तासानं, पत्र्याच्या भोकांतून पडणारे कवडसे खडूनं आखायचे. जमिनीवर आखले, पोत्यांवर आखले, एकदा तर माझ्या सासूच्या पाठीवर पडलेला आखायला निघाले होते. तेव्हापासून गावात त्यांना कवडसे मोजणारा हेच नाव पडलं. लावणी करताना लीलाकाकी चिखलातून गायची:

शहराचा राजा आला, कवडसे मोजायाला गो,
सुपात भरूनशी नेतो, रानीला दावायाला गो!

आणि वाकलेल्या वीस बायका ताल धरायच्या. साहेब बांधावर बसून ऐकायचे. एकदा विचारतात कसे, "हे गाणं जुनं आहे का?"

आमची शेड म्हणजे पत्र्याची लांबोडकी बोगदी. दार एक, बल्ब एक. बाकी सगळा अंधार, आणि त्या अंधारात शाडूच्या मूर्तींच्या रांगा. साचा सगळ्यांकडे सारखाच होता. पण आमच्या मूर्तीचे डोळे आखायच्या माझ्या सासूबाई, द्वारकाबाई म्हात्रे. मी त्यांना आत्या म्हणायचे. आखणी हे गड्यांचं काम, पण सासरे लवकर गेले तेव्हा आत्यांनी त्यांचा खारीच्या केसांचा कुंचला उचलला आणि गड्यांना मागे टाकलं. पेण बाजारात मूर्ती हातात घेऊन लोक म्हणायचे, "हा द्वारकीचा डोळा. कुठंही उभे राहा, तुमच्याकडेच बघतो."

आखताना आत्या ओवी म्हणायच्या, पुटपुटल्यासारखी:

पयला गो डोला, उगवत्या सूर्याचा,
दुसरा गो डोला, मावलत्या चंद्राचा.

आधी पांढरं, मग पापणीची रेघ, मग बुबुळ. आणि शेवटी, ओला डोळा जिथं चकाकेल नेमका तिथं, मोहरीएवढा पांढरा ठिपका. त्याला आम्ही तेज म्हणतो. तेज दिलं की देव बघायला लागतो.

आणि आत्यांचा एक नेम होता: आखलेला डोळा पुसायचा नाही. "डोला उघडला का देव आला. आलेल्या देवाचे डोले कोन पुसंल? चुकला त चुकला. मूर्ती खाडीत सोडाची, दुसरी घ्यावाची." माझ्या लग्नाआधीच्या पंचवीस वर्षांत दोनच मूर्ती अशा खाडीत गेल्या होत्या.

ठाण्याचे गावंडशेठ दरसाल आमच्या निम्म्या मूर्ती उचलायचे, ते या डोळ्यांसाठी. त्या आषाढात मात्र त्यांचा निरोप आला. गिऱ्हाइकं म्हणतात, द्वारकाबाईंचे डोळे पूर्वीसारखे राहिले नाहीत. रविवारी येतो. माझ्यासमोर तीन मूर्ती आखून दाखवा. पटलं तर माल माझा, नाहीतर तिकडे जोहे गावात नवे कारखाने पुष्कळ निघालेत.

आत्या हसल्या. "येऊं दे. डोले बदलत नाय, बगनारा बदलतो."

पण नंतर त्यांनी धुतलेला कुंचला पुन्हा धुतला आणि पुन्हा एकदा धुतला. शेठचा माल गेला असता तर कारखाना कसाबसा तरला असता. भालचंद्रनं भाड्यानं टेम्पो चालवला असता. पण एकदा शेठ म्हणाला की ही बाई संपली, की आत्यांच्या हातात तो कुंचला पुन्हा कुणी दिला नसता. आणि कुंचल्याशिवाय आत्या म्हणजे काय, ते मी एका वर्षी त्यांना हिवताप झाला तेव्हा बघितलं होतं. पंधरा दिवस भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या.

अशात ही खिडकी. रविवार तोंडावर आणि शुक्रवारी टेम्पो दारात.

"भिंत फोराची कशाला?" मी भालचंद्रला म्हटलं. "आत बांधावरून जानारा-येनारा बगंल सगला."

"बगंना! आपन काय चोऱ्या करतो काय शेरीत?"

मी चुलीकडे वळले.

दुपारपर्यंत खाचराकडची भिंत फोडून झाली आणि खिडकी बसली. माणसाच्या दीडपट उंच. बारा उभ्या फळ्या, फणसाच्या. एका अंगाला चुना लावलेला, दुसऱ्या अंगाला आरशाच्या बोटभर रुंद पट्ट्या. प्रत्येक फळी वर-खाली पितळी खिळ्यावर फिरणारी आणि मागच्या कडेला शिशाचं वजन. पत्र्याला आतून चुना फासलेला. टिपणीससाहेब घामाघूम होऊन समजावत होते, आणि सगळं गाव लग्नाला आल्यासारखं जमलं होतं.

"वारा जोरात आला की फळ्या आपोआप मिटतात. पडला की उघडतात. एका अंगाला वारा लागून तुमची ओली मूर्ती तडकते ना, ती आता तडकणार नाही. आणि ऊन थेट आत येणार नाही. खाचरातल्या पाण्यावरून फळीवर, फळीवरून छताला, छतावरून खाली. श्वास घेणारी खिडकी आहे ही."

"श्वास घेती?" लीलाकाकी म्हणाली. "मंग घोरती पन का?"

"खोकली त सांगा," कुणीतरी मागून म्हणालं, "डाक्टर हाय पेनला."

"आनि साहेब," मी म्हटलं, "उजेडाला येवढा फिरवून आणायचा तर त्याला वाटेत चहा तरी द्या."

साहेब हसले. हसणाऱ्यांबरोबर हसायची त्यांना सवय होती, त्याचा मला आणखी राग आला. मग त्यांनी फळ्यांना बांधलेली दोरी सोडली.

खाचरातलं पाणी उठून आत आलं, असं वाटलं. पत्र्याच्या पोटावर उजेडाच्या लाटा पसरल्या, सावकाश, एकीच्या मागे एक. वारा आला तशा फळ्या कलल्या, आणि लाटा भिंतीवरून घसरत मूर्तींवर उतरल्या. डोळे न आखलेल्या शंभर पांढऱ्या मूर्ती, दरवर्षी त्या अंधारात नुसत्या वस्तूंसारख्या बसायच्या. त्यांच्या पोटांवरून उजेड वर-खाली व्हायला लागला. झोपलेलं लेकरू बघावं तसं दिसत होतं. बांधावरच्या बायका खिडकीशी सरकल्या. माझ्या ओठांवर आपोआप आलं:

पाण्याची गं ओढणी, वाऱ्यानं उडविली,
मिटल्या डोळ्यांवरी, उजेडानं पांघरिली.

ते मी गिळलं. "बरं आहे," मी मोठ्यानं म्हटलं, "तमाशाच्या तंबूत शोभेल."

गाव सुटल्यासारखं हसलं.

आत्या आपल्या पाटावर बसल्या होत्या. त्यांनी दोन्ही हात कपाळाशी धरले होते. "लय डोल्यात जातंय रं बाबा."

साहेब त्यांच्यासमोर उकिडवे बसले. "कुठल्या बाजूनं जास्त येतंय, आजी?"

"सगल्या बाजूनी. पानी फुटल्यासारा."

"वस्तू दिसतायत? की उजेडात विरघळल्यासारख्या वाटतायत?"

"काय विचारताय त्यांना?" मी मध्येच म्हटलं. "तीस वर्षं डोळे आखतायत त्या. तुम्ही किती आखलेत?"

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. मग आत्यांकडे. मग रांगेतल्या आखून झालेल्या वीस मूर्तींकडे बराच वेळ. वही काढली आणि काहीतरी लिहिलं. शनिवारी मी त्यांना दोनदा सांगितलं, नवऱ्याकडून एकदा सांगवलं, की रविवारपुरती खिडकी झाका, शेठ जुन्या वळणाचा माणूस आहे. ते दर वेळी नम्रपणानं तेच म्हणाले, "उघडी असू द्या. आजींना उजेड मिळू द्या." नम्र माणसाइतका हटवादी माणूस नसतो.

रविवारी सकाळी गावंडशेठ आले. पांढरी टोपी, बोटात पोवळं. खिडकीपुढं उभे राहिले, आरशाच्या पट्ट्यांत स्वतःचे बारा तुकडे बघितले, टोपी सारखी केली. "काय रे भालू, देवाचा कारखाना का केस कापायचं दुकान?"

भालचंद्र ओशाळून हसला. खिडकीबाहेर बांधावर निम्मं गाव. आत पाटावर आत्या, नऊवारीचा पदर खोचून, आंघोळ करून, डाव्या हातात रंगाची वाटी. समोर चौरंगावर पहिली मूर्ती. खाडीवरून वारा येत होता. फळ्या मिटत होत्या, उघडत होत्या, आणि आत्यांच्या तोंडावरून उजेड येत-जात होता. त्या डोळे बारीक करून मान तिरकी करत होत्या.

"पयला गो डोला," त्यांनी सुरू केलं.

मी त्यांच्या मागे उभी होते. मला त्यांचा हात दिसत होता. हात इतका खात्रीचा होता की बघवेना. पापणीची रेघ एका ओढीत, बुबुळ एका फिरकीत, तेज एका टिपात. पहिली, दुसरी, तिसरी. ओवी संपली. त्यांनी कुंचला वाटीवर आडवा ठेवला आणि शेठकडे, म्हणजे शेठच्या जरा बाजूला, बघून हसल्या.

"घ्या शेठ."

शेठ वाकले. बराच वेळ वाकूनच राहिले. पहिल्या मूर्तीचं एक बुबुळ सरळ होतं आणि दुसरं कानाकडे गेलं होतं. दुसरीच्या पापणीची रेघ भुवईवर बसली होती. तिसऱ्या देवाचे दोन्ही डोळे आपल्याच सोंडेकडे उतरले होते, आणि तेज बुबुळाच्या बाहेर, गालावर.

"द्वारकाबाई," शेठ शेवटी म्हणाले, "हा देव बघतो कुणीकडे?"

बांधावर कुणीतरी फिसकन हसलं.

"काय झाला?" आत्या म्हणाल्या. "मालन? काय झाला गो?"

त्यांच्या हाताची बोटं चौरंगाच्या कडेवर चाचपडायला लागली. आणखी क्षणभर तसंच राहिलं असतं तर सगळ्या गावाला कळलं असतं.

"खिडकी!" मी ओरडले. "दुसरं काय होणार? या आरशांच्या खिडकीनं केलं! उजेड कधी इकडून, कधी तिकडून, नुसता नाचतोय! या नाचऱ्या उजेडात कुणाचा हात बसेल? आत्यांच्या डोळ्यांना काय धाड भरली नाही! तीस वर्षं एका बल्बाखाली चुकल्या नाहीत, त्या आज तीनदा चुकतात? भिंत फोडून भुताटकी आणून बसवलीत तुम्ही आमच्या देवाच्या तोंडासमोर, आणि वर वहीत लिहून घेता!"

मग मला थांबता येईना. उदबत्ती काढली, परात काढली, वही काढली. बायको तरी कवडसे मोजून केली का, असंही विचारलं. गाव अशा वेळी मागे राहत नाही. लीलाकाकी म्हणाली, "खिरकी घोरली नाय, पन झोपंत चालली!" कुणी शिटी मारली. कुणी 'शहराचा राजा आला' सुरू केलं आणि बांधभर टाळ्या पडायला लागल्या.

टिपणीससाहेब खिडकीला पाठ लावून उभे होते. फळ्या त्यांच्यामागे मिटत होत्या, उघडत होत्या. त्यांनी वही मिटून खिशात घातली.

शेठना ते पटलं. शेठना पटायचंच होतं. जोह्याचे डोळे त्यांनाही आवडत नव्हते. "काढा हे थोतांड," ते म्हणाले. "पुढच्या रविवारी येतो. जुन्या बल्बाखाली आखा, बाई. तुमच्या हाताबद्दल मला शंका नव्हतीच."

आत्यांचे खांदे खाली आले. "तीन देव गेले माझे," त्या म्हणाल्या. "पोचवून या गो खाडीला."

भालचंद्र शेठना पोचवायला गेला. दोन मूर्ती मी पाटीत घेतल्या. तिसरी साहेबांनी उचलली. नको म्हटलं तरी उचलली. बांधावरून आम्ही चाललो. मी पुढे, हा माणूस मागे, आणि रस्ताभर दोन्हीकडून गाणं.

खाडीला ओहोटी होती. गुडघाभर चिखलातून पाण्यापर्यंत गेलो. दोन मूर्ती मी सोडल्या. साहेबांनी तिसरी हातातच ठेवली.

"मालनताई," ते म्हणाले, "शेडीत आधी आखलेल्या वीस मूर्ती मी बघितल्या. मला मूर्तीतलं काही कळत नाही. उजेडातलं थोडं कळतं."

"कवडशांतलं."

"हो, कवडशांतलं. शेडीतला बल्ब आजींच्या उजव्या खांद्याच्या वर टांगलेला आहे. त्या उजेडात आखलेल्या डोळ्यात तेज वर उजवीकडे यायला हवं. त्या वीसही मूर्तींत ते खाली आहे, डाव्या कोपऱ्यात. म्हणजे आखणाऱ्याचा दिवा खाली, डाव्या हातात होता. बॅटरी असणार. आजींच्या डाव्या हातात तर रंगाची वाटी असते."

मी रिकामी पाटी कमरेला लावली.

"मग सांगा ना गावाला," मी म्हटलं. "वहीत आहे ना लिहिलेलं? वाचून दाखवा. आता कवडसे मोजणारा हसेल आणि आम्ही ऐकू."

"किती दिसतं त्यांना?"

"माणूस ओळखतात."

"बघून?"

"आवाजावरून," मी म्हटलं.

दोन वर्षं. सकाळी आत्या आखायच्या, दुपारी जेवून पडायच्या. मी शेडीत जाऊन दाराला कडी घालायचे. बॅटरी डाव्या हातात धरून, ओल्या फडक्यानं त्यांनी उघडलेले डोळे पुसायचे आणि नवे उघडायचे. ज्या देवांचे डोळे कुणी पुसू नयेत, त्यांचे मी ओळीनं पुसले होते. पहिल्यांदा आधी हात जोडले. दहाव्या मूर्तीपासून जोडले नाहीत. पन्नासाव्या मूर्तीला माझ्या लक्षात आलं की मला ते आवडायला लागलंय. गणपतीत लोक हात जोडून म्हणायचे, काय डोळे आहेत! मी मागे उभी राहून ऐकायचे. शेठच्या गिऱ्हाइकांनी बरोबर ओळखलं होतं. डोळे बदलले होते. शेठ आखणी बघायला आलेच तर त्या अंधारात काही दिसणार नाही, मूर्ती वाळायला म्हणून आत न्यायच्या, तोवर शेठला चहा द्यायचा, हे सगळं मी ठरवून ठेवलं होतं. आणि हा माणूस भिंतभर खिडकी घेऊन आला होता.

यातलं निम्मंच मी त्यांना सांगितलं. आवडायचं ते सांगितलं नाही.

साहेबांनी मूर्ती पाण्यात सोडली. ती तिरकी होत गेली.

"मोतीबिंदू असेल," ते म्हणाले. "माझ्या वडिलांचं असंच झालं होतं. उजेड वाढवला की अंगावर यायचा. परवा आजी 'पाणी फुटल्यासारखा' म्हणाल्या तेव्हाच मला वाटलं. तो निघतो हो. अर्ध्या तासाचं काम आहे, मग महिनाभर जपायचं. गुरुवारी पनवेलला शिबिर आहे."

"महिनाभर? रविवारी शेठ येणार आहेत."

"खिडकी मी आजच काढतो. दोष खिडकीचा, असंच संस्थेला कळवतो. पुढच्या एकोणचाळीस होणार नाहीत, ते माझं मी बघेन. तुम्ही फक्त त्यांना गुरुवारी न्या. नेणार ना?"

"नेते."

"नक्की?"

"देवाच्या पाण्यात उभी आहे," मी म्हटलं. "आणखी काय पाहिजे?"

दुपारी त्यांनी एकट्यानं बारा फळ्या उतरवल्या. एकही माणूस हात लावायला गेला नाही. जाताना ते आत्यांच्या पाया पडले.

"आजी, माझा प्रयोग चुकला. तुमचे तीन देव माझ्यामुळे गेले."

आत्यांनी त्यांच्या डोक्यावर हात ठेवला. "जाऊं दे पोरा. शिकलेला मानूस चुकतोच. देवाला येकच उजेर लागतो, चार नाय." आणि मला म्हणाल्या, "भाकर दे गो त्याला बांधून. जवल्याची चटनी दे."

मी बांधून दिली. टेम्पो गेला. सोमवारी भालचंद्रनं विटांनी भोक बुजवून टाकलं आणि शेड पुन्हा शेडीसारखी झाली.

गुरुवारी सकाळी मी लवकर उठले. आत्यांचं नवं लुगडं काढून ठेवलं. सव्वानवाची एसटी होती.

आत्या शेडीत पाटावर बसून होत्या. बल्ब लावलेला होता.

"आत्या, आवरा. पनवेलला जावाचा."

"पनवेलला? कोन गेला?"

"कोनी नाय गेला. डोल्यांचा शिबिर हाय. फुकट बगतान."

"कोनाचे डोले?"

"तुमचे."

आत्या हसल्या. "माज्या डोल्याना काय झालाय? खिरकी गेली, सगला जिथल्या तिथं आला. बल्बाखाली बरा वाटतंय बग. कसा गार." मग त्यांनी हात लांब करून माझा हात शोधला आणि धरला. "बस इथं. तुना येक सांगू का? कोनाला बोलू नको. दोन वरीस मी मनातल्या मनात भ्यायलेली. वाटायचा, डोले जातान का काय माजे. सगला धुरकट, सगला धुरकट. भालूला बोलली नाय, तुना बोलली नाय. आनि रविवारी शेठ बोल्ला तवा छातीत धस्स झाला. बोल्ली, संपला. आनि तू वरडलीस. चारचौघांत, शेठसमोर. 'आत्यांच्या डोल्याना काय धार भरली नाय.' मालन, आसा बरा वाटला म्हनून सांगू! तू दहावी शिकलेली. माज्या मागं उभी रावून बगत होतीस. तुना सगला दिसत होता." त्यांनी माझा हात दाबला. "खरा बोल. खिरकीच होती ना?"

बाहेर रस्त्यावर एसटीचा भोंगा वाजला. फाट्यापासून आमच्या थांब्यापर्यंत यायला तिला पाच मिनिटं लागतात. आत्यांच्या मागे रांगेत वीस मूर्ती बसल्या होत्या, खाली डाव्या कोपऱ्यात तेज दिलेल्या. येत्या रविवारपर्यंत आणखी चाळीस व्हायच्या होत्या.

"खिडकीच, आत्या," मी म्हटलं. "दुसरं काय असणार?"

"मना म्हाईत होता." त्यांनी पदर खोचला, मांडी नीट केली, घसा साफ केला. "दे बगू कुंचला."

मी कुंचला पाण्यात भिजवून, टोक ओढून, त्यांच्यापुढं धरला. आत्यांनी हात पुढे केला. कुंचल्याच्या चार बोटं डावीकडे.

मी कुंचला चार बोटं डावीकडे सरकवला.